पारदर्शक कुलूप दहा सेकंदांत उघडतं, मग दाराचं का नाही?

सगळ्यात आधी एक काम करा. प्रश्नासोबत घराच्या चावीचा जो फोटो टाकलाय, तो काढून टाका. चावी बनवायला मूळ चावी हातात असावी लागतेच असं नाही. खाचा नीट दिसल्या, कुठली किती खोल ते कळलं, की कोरी चावी घेऊन कानस चालवायला अर्धा तास पुरतो. तुमच्या फोटोत पाचही खाचा स्वच्छ दिसत होत्या आणि मागे इमारतीच्या नावाची पाटीसुद्धा. काढलात? मग पुढं वाचा.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. कोल्हापुरात राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. ऑनलाइन सातशे रुपयांचा पिकचा, म्हणजे चावीशिवाय कुलूप उघडायच्या बारीक हत्यारांचा, संच मागवला. त्याच्यासोबत आलेलं पारदर्शक प्लॅस्टिकचं कुलूप दुसऱ्या दिवशी दहा सेकंदांत उघडायला लागलं. त्या हुरुपात स्वतःच्या दाराच्या नाईट लॅचवर चार संध्याकाळी घालवल्या, पण ते जरासं फिरतं आणि अडून बसतं. आजोबांचं एक पितळी कुलूप आहे, चावी हरवलेली, वर ‘6 लिव्हर’ असं कोरलेलं. त्यात तर पिक घातली की काहीच लागत नाही, काहीच टिकटिकत नाही. आणि विचारताय दोन गोष्टी: माझं कुठं चुकतंय, आणि शिकल्यावर हे कुणालाही जमत असेल तर कुलपं लावायची तरी कशाला.

माझे वडील महाद्वार रोडच्या कडेला पेटी घेऊन बसायचे, चाव्या करून द्यायचे. मी नववीत असल्यापासून शाळा सुटली की त्यांच्या शेजारी बसायचो. पुढं पेटीचं दुकान झालं. तीस वर्षांच्या वर झाली या धंद्यात. तेव्हा उत्तर आधी सांगतो, कारणं मागून देतो. तुमचा हात थोडा चुकतोय, पण खरा घोटाळा हाताचा नाही. एकच हत्यार घेऊन तुम्ही दोन वेगळ्या जातींची कुलपं उघडायला बसलाय. त्यातलं एक या हत्याराने उघडण्यासारखं आहे, पण आत फसवी पिन आहे. दुसऱ्याला हे हत्यार लागूच पडत नाही. स्क्रू डायव्हरने नट सोडवायला बसल्यासारखं आहे ते.

कुलूप डोळ्यांनी न बघता सांगतोय, त्यामुळे थोडंफार इकडंतिकडं होईल. सिलिंडर, म्हणजे चावी जाते तो गोल भाग, किती वर्षांचा आहे, झिजलाय किती, कुणी आधी त्यात काही ओतून ठेवलंय का, यावर बरंच अवलंबून असतं. एकाच कंपनीची एकाच दिवशी घेतलेली दोन कुलपंसुद्धा हाताला सारखी लागत नाहीत.

गिऱ्हाईक आलं की आमचे आबा, म्हणजे वडील, कुलपाकडे बघायचेच नाहीत, आधी चावी मागायचे. चावी नसेल तर चावीचं भोक बघायचे. तिथंच सगळं कळतं. चावी चपटी, एका कडेला डोंगरांची रांग काढल्यासारख्या खाचा, आणि भोक म्हणजे नागमोडी उभी फट: हे पिनांचं सिलिंडर. चावीला गोल दांडा, टोकाला झेंड्यासारखं पातं, पात्यावर पायऱ्या, आणि भोकातून आत बॅटरी मारली की एकावर एक रचलेल्या पत्र्याच्या चकत्या दिसतात: हे लिव्हरचं. चावी चपटी पण कडेला खाचा नाहीत, अंगावर खळगे आहेत: हेही पिनांचंच, फक्त पिना दुसऱ्या बाजूनं येतात. ऑफिसच्या टेबलाच्या ड्रॉवरला असतात ती पातळ पट्ट्यांची, त्यांचा विचार करण्यात अर्थ नाही. आणि ट्रंकेची लोखंडी कुलपं, जी दुसऱ्या ट्रंकेच्या चावीनंही उघडतात, त्यांच्यात नुसते अडथळे असतात. अडथळा चुकवणारी कुठलीही चावी चालते. जुन्या वाड्यांच्या दिंडी दरवाजाला स्क्रूसारखी फिरवत आत घालायची चावी असलेलं लांबुळकं कुलूप अजून कुठंकुठं दिसतं. त्यात नुसत्या दाबायच्या स्प्रिंगा असतात. आलं तर मी ते आनंदानं दुरुस्त करतो, पण तो वेगळा विषय झाला.

तुमचा पिकचा संच पहिल्या जातीसाठी आहे. तिथूनच सुरुवात करू.

नाईट लॅचच्या बाहेरच्या अंगाला तो जो नाण्याएवढा गोल पितळी तुकडा दिसतो, त्याच्यात दोन भाग असतात. बाहेर न हलणारं कवच, आत फिरणारा गाभा. वरून खाली पाच भोकं पाडलेली असतात, कवचातून निघून थेट गाभ्यात उतरणारी. प्रत्येक भोकात दोन पिना एकावर एक उभ्या, आणि वरच्या पिनेच्या डोक्यावर केसासारखी बारीक स्प्रिंग. चावी नसते तेव्हा वरची पिन निम्मी कवचात आणि निम्मी गाभ्यात उतरलेली असते. पाच भोकांत असे पाच अडसर. गाभा फिरणार कुठून? बरोबर चावी आत गेली की तिची प्रत्येक खाच आपापली जोडी नेमकी तेवढीच उचलते, आणि दोन पिनांमधला सांधा कवच आणि गाभा यांच्यामधल्या रेघेवर येतो. पाचही सांधे त्या रेघेवर आले की गाभा मोकळा. एक जरी पिन खाली राहिली किंवा जास्त उचलली गेली, तरी अडला. पाच पिना आणि प्रत्येकीच्या सहा उंच्या धरल्या तर कागदावर 7,776 चाव्या होतात. प्रत्यक्षात कमी, कारण शेजारच्या दोन खाचांत फार मोठा चढउतार ठेवला तर चावी आतबाहेर होत नाही.

लाकडी पिनांची अशी कुलपं प्राचीन इजिप्तमध्ये होती. आजचं रूप अमेरिकेतल्या लायनस येल नावाच्या बापलेकांनी दिलं. बापाचं पेटंट 1848 चं, आणि मुलानं 1861 मध्ये चपटी, कडेला खाचा असलेली चावी आणली. तुमच्या खिशातली चावी त्याच घराण्यातली.

आता हे चावीशिवाय उघडतं कसं? तर कारागिराच्या चुकीवर उघडतं. आपल्या उद्यमनगरात लेथवर, ड्रिलवर आयुष्य काढलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, पाच भोकं एका सरळ रेघेत तंतोतंत पडतात का. पडत नाहीत. केसाच्या जाडीपेक्षाही कमी, पण फरक राहतोच. त्यामुळे गाभ्याला हलकासा पीळ दिला की पाचही पिना एकदम आवळल्या जात नाहीत. ज्या भोकाचा फरक सगळ्यात जास्त, तिथली एकच पिन आधी अडते, बाकीच्या चार स्प्रिंगवर सैल झुलत राहतात. ती अडलेली पिन हळू उचलायची. तिचा सांधा रेघेवर आला की गाभा नखभरही नाही, जाणवेल न जाणवेल इतका पुढं सरकतो, आणि वरची पिन त्या इवल्या पायरीवर टेकून राहते. मग दुसरी पिन अडते. मग तिसरी. ती पुढून मागं अशा क्रमानं अडतील असं मात्र नाही. कुठली आधी, ते कुलूप ठरवतं.

हे वाचून लक्षात येईल की काम उचलणाऱ्या हाताचं नसून पीळ देणाऱ्या हाताचं आहे. पीळ द्यायची वाकडी पट्टी धरलेला तुमचा डावा हात बहुतेक चार पट जास्त जोर लावतोय. मी सगळ्या शिकाऊ पोरांना एकच सांगतो, भाजलेला पापड बोटानं न मोडता जेवढा दाबता येईल, तेवढाच दाब. जास्त पीळ दिला की पाचही पिना आवळल्या जातात, कुठली अडलीय ते कळत नाही, आणि माणूस चिडून आणखी जोर करतो. माझ्याकडे एक इंजिनिअरिंगचा पोरगा येऊन बसायचा. त्याला मी पट्टी अंगठ्यानं दाबायला बंदी केली होती, फक्त करंगळीशेजारच्या बोटाचं टोक टेकवायचं. तिसऱ्या दिवशी कुलूप उघडलं तेव्हा त्याचा त्यालाच विश्वास बसेना.

आणि ते पारदर्शक कुलूप. त्याचा तुम्हाला फायदा झाला त्याहून तोटा जास्त झालाय. एक तर ते ढिलं असतं, भोकं मोठी, पिना साध्या, काहीही खाजवलं तरी उघडतं. पण मुख्य म्हणजे तुम्ही ते डोळ्यांनी उघडताय. पिना दिसतायत, सांधा दिसतोय, रेघ दिसतेय. दाराच्या कुलपात यातलं काहीच दिसत नाही, तिथं सगळी खबर पिकच्या पोलादातून बोटाच्या पेरात येते. सैल पिन स्प्रिंगसारखी उसळते. अडलेली पिन दगडासारखी लागते. बसलेली पिन थोडी डुगडुगते, पण ढकलून परत येत नाही. हे तीन स्पर्श ओळखता येईपर्यंत बाकी सगळं फुकट. म्हणून ते प्लॅस्टिकचं कुलूप जुन्या पायमोज्यात घाला, आणि मोज्याच्या आतच उघडायला बसा. बघा दहा सेकंदांची किती मिनिटं होतात ते.

आता तुमच्या नाईट लॅचचा जरा फिरून अडण्याचा प्रकार. हे वाचलं तेव्हाच मला हसू आलं, कारण ते अपयश नाहीच, तुम्ही बरंच पुढं पोचलाय. बऱ्या सिलिंडरमध्ये वरच्या पिनांपैकी दोनतीन पिना सरळ दंडगोल नसतात. त्यांचा आकार डमरूसारखा असतो, मध्ये कमरेला बारीक आणि दोन्ही टोकांना जाड. पिकनं उचलताना ती कमर रेघेवर येते, गाभ्याला वाटतं वाट मोकळी झाली, तो एकदम काही अंश फिरतो. शिकणाऱ्याला वाटतं उघडलं. पण डमरूचं खालचं जाड टोक अजून गाभ्यातच अडकलेलं असतं. तिथून पुढं कितीही पीळ द्या, उलट ते घट्टच होतं. तुम्ही चार संध्याकाळी याच जागी उभे आहात.

यातून सुटायचं म्हणजे मागं यायचं. पीळ किंचित सैल करत एकेक पिन चाचपायची. ज्या पिनेवर दाब दिल्यावर गाभा उलट्या बाजूला तुमच्या बोटाला ढकलतो, ती डमरूची. तिला उचलत राहायचं आणि गाभ्याला तेवढं मागं येऊ द्यायचं, अडवायचं नाही. ती नीट बसते, पण त्या सैल होण्यात आधी बसवलेली एखादी साधी पिन खाली पडते. मग ती परत बसवायची. संयमाचं काम आहे, आणि खरं सांगायचं तर मलाही दर वेळी जमत नाही. गिऱ्हाईक दारात उभं असताना मी वीस मिनिटांच्या वर पिकला देत नाही. नंतर गिऱ्हाइकाला विचारून सिलिंडर ड्रिल करतो आणि नवा बसवतो.

पण हे सगळं तुमच्या दारावर करू नका. वापरातल्या कुलपावर सराव करायचा नाही, हे मी शिकलो ते स्वतःच्या खिशातून पैसे भरून. विशीत होतो. ताराबाई पार्कात एका बंगल्याचं लॅच उघडायला आबांनी मला एकट्याला पाठवलं. मी मोठ्या ऐटीत स्वतः घासून केलेली पिक काढली, जोर केला, आणि टोक मोडून आत राहिलं. आता पिकही चालेना, चावी मिळाली असती तरी ती आत गेली नसती. त्या काकू दारात भाजीची पिशवी घेऊन तासभर उभ्या. शेवटी सिलिंडर फोडला, नवा आणून बसवला, आणि पैसे मागायची हिंमत झाली नाही. घरी आल्यावर आबा एवढंच म्हणाले, “जेवून घे.” दुसऱ्या दिवशीपासून सहा महिने मला फक्त कानस दिली. तेव्हा तुम्ही बाजारातून एक सुटा सिलिंडर आणा, व्हाईसमध्ये हलका धरा, त्याच्यावर काय ते करा. तुमच्या दाराच्या सिलिंडरच्या पिना आणि स्प्रिंगा चार दिवसांत बऱ्याच भोगल्या असतील. चावी अडखळायला लागली तर बदलून टाका.

आजोबांचं कुलूप. उत्तर त्याच्या अंगावर कोरलेलं आहे, आणि तुम्हीच ते प्रश्नात लिहिलंय: 6 लिव्हर. त्याच्यात पिनाच नाहीत, तर टिकटिकणार काय?

लिव्हर म्हणजे पितळी किंवा पोलादी पत्र्याची चकती, एका टोकाला खिळ्यावर अडकवलेली, दुसरं टोक वरखाली होणारं, पाठीवर स्प्रिंगची पट्टी. अशा सहा एकावर एक. प्रत्येकीत एक खिडकी कापलेली आणि खिडकीत एक खाच. बोल्टाला एक खुंटी असते, ती या खिडक्यांतून जाते. चावीच्या पात्यावरची प्रत्येक पायरी आपापल्या लिव्हरला ठरलेल्या उंचीपर्यंत उचलते. सहाही खाचा एका ओळीत आल्या की खुंटी त्या खाचांतून सरकते आणि बोल्ट मागं येतो. लिव्हर कमी उचलली तरी अडते, जास्त उचलली तरी अडते. ही ‘जास्त उचललं तरी अडलं’ची युक्ती इंग्लंडमधल्या रॉबर्ट बॅरननं 1778 मध्ये आणली. 1818 मध्ये जेरेमाया चब यानं त्यात भर घातली: कुणी चुकीच्या चावीनं एखादी लिव्हर जास्त उचलली तर ती वर अडकूनच बसायची, आणि मालकाला कळायचं की कुणीतरी हात घातला होता. आपल्याकडे आर्देशीर गोदरेज यांनी 1897 मध्ये मुंबईत कारखाना सुरू केला तो कुलपांचाच, तिजोऱ्या आणि कपाटं नंतर आली. अलिगड आणि तमिळनाडूतलं दिंडीगल ही तर कुलपांचीच गावं. दिंडीगलच्या कुलपाला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय.

लिव्हरला पीळ द्यायचा तो बोल्टाला. तुमची वाकडी पट्टी भोकाच्या तोंडाशी टेकतेय, बोल्टापर्यंत पोचतच नाही. म्हणून पिक कितीही हलवा, लिव्हरी स्प्रिंगवर वरखाली होणार आणि परत खाली बसणार. लिव्हरसाठी वेगळी हत्यारं असतात, एकाच दांड्यात दोन तारा असलेली. माझ्याकडे आहेत, पण अशा कुलपाला मी ती क्वचित वापरतो. त्यापेक्षा सरळ चावी बनवतो, म्हणजे कुलूपही वाचतं आणि गिऱ्हाइकाला चावीही मिळते.

ते कसं, ते सांगतो, कारण आमच्या धंद्यातलं मला सगळ्यात आवडणारं काम तेच आहे. भोकात बसेल अशी कोरी चावी घ्यायची, पातं सलग, पायऱ्या नसलेलं. मेणबत्तीच्या ज्योतीच्या टोकावर धरून त्या पात्याला काजळी धरवायची. मग चावी आत घालून हलकेच फिरवायची, अडली की तिथंच जरा खालीवर दाबायची, आणि सरळ बाहेर काढायची. काजळीवर सहा बारीक चमकदार रेघा उमटलेल्या असतात, एकेका लिव्हरनं एकेक. जिथं रेघ ठळक, तिथं लिव्हर दाबून बसलीय, तिथं कानशीचे दोन हात. दोनच. पुन्हा काजळी, पुन्हा आत, पुन्हा बाहेर, उजेडाकडे तिरकी धरून बघायची. असं पंधरा-वीस वेळा. एखादी रेघ उमटायची थांबली की त्या पायरीला पुन्हा हात लावायचा नाही. एक घाव जास्त पडला तर लिव्हर कमी उचलली जाते आणि चावी भंगारात, पुन्हा पहिल्यापासून. आबांना दुकानात गप्पा मारता मारता हे जमायचं. मला अजून रेडिओ बंद करावा लागतो.

इथं तेलाविषयी सांगायलाच हवं. कोल्हापुरात कुलूप अडलं की पहिला हात खोबरेल तेलाच्या बाटलीकडे जातो. नका घालू. उन्हाळ्यात ते चालल्यासारखं वाटतं. थंडीत साधारण 24 अंशांच्या खाली ते गोठतं, त्यात धूळ बसते, आणि सकाळी सहाला दूध घ्यायला बाहेर पडलेल्या माणसाला परतल्यावर दार उघडत नाही. पिनांच्या सिलिंडरला ग्रॅफाइटची पावडर. नसेल तर शाळेची पेन्सिल चावीच्या खाचांवर चांगली घासा आणि चावी आठदहा वेळा आतबाहेर करा.

2019 च्या ऑगस्टात पुराचं पाणी चढलं तेव्हाची गोष्ट. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोका पातळी 43 फूट, त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या पुढं गेलं. ओसरल्यावर महिनाभर मी शुक्रवार पेठ, कुंभार गल्ली, दुधाळी इकडंच होतो. लोखंडी कपाटं पाण्यात बुडालेली, आत घराची कागदपत्रं, आणि लिव्हरच्या कुलपांत गाळ. चावी आत जायची, फिरायची नाही. एका घरात मालकांनी मी यायच्या आधी अर्धी बाटली तेल कुलपात ओतलेलं. गाळ आणि तेल मिळून आत लांबी भरल्यासारखं झालं होतं. ते काढायला मला दीड दिवस लागला. शेजारच्या घरातल्या आजींनी काहीच केलं नव्हतं, त्यांचं कुलूप मी स्वच्छ पाण्यानं धुतलं, इंजेक्शनच्या सिरिंजनं आत पाणी मारत राहिलो ते निवळ येईपर्यंत, मग वाळवून त्यात थोडं रॉकेल सोडलं. तासाभरात त्यांच्याच चावीनं उघडलं. गाळ शिरलेलं कुलूप आधी पाण्यानं धुवायचं, हे तेव्हापासून मी दर पावसाळ्याआधी नदीकाठच्या गिऱ्हाइकांना सांगतो. 2021 मध्ये ते पुन्हा उपयोगी पडलं.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न, मग कुलूप लावायचं कशाला. लंडनच्या एका दुकानाच्या खिडकीत जोसेफ ब्रामानं 1790 पासून एक कुलूप मांडून ठेवलं होतं. उघडून दाखवेल त्याला 200 गिनी. साठएक वर्षं कुणाला जमलं नाही. 1851 च्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिरानं ते उघडलं, आणि त्याच भेटीत चबचं लिव्हरचं कुलूपही काही मिनिटांत उघडून दाखवलं. इंग्लंडात मोठा गहजब झाला. पण ब्रामाचं कुलूप उघडायला हॉब्जला सोळा दिवसांत मिळून 51 तास लागले, परवानगीनं, शांत खोलीत, खास बनवलेली हत्यारं मांडून. चोराला 51 तास कोण देतो?

आणि चोर पिक घेऊन बसत नाही. घरफोडीची बातमी आठवा. ‘बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून’ हेच शब्द असतात, वर्षानुवर्षं. कुलूप तसंच, बंदच्या बंद, कोयंड्यासकट जमिनीवर पडलेलं. मी अशा घरांत नंतर दुरुस्तीला जातो. हजार-पंधराशेचं कुलूप, आणि कोयंडा अर्ध्या इंची स्क्रूंवर, तेही अर्धे हातोडीनं ठोकलेले. पहारीचा एक झटका पुरतो. तुमच्या फ्लॅटला मी आलो असतो तर सिलिंडरकडे नंतर बघितलं असतं. आधी चौकटीतली पट्टी बघितली असती, जिच्यात लॅचची जीभ जाते. तिचे स्क्रू काढून दोन इंची घाला, चौकटीच्या लाकडात खोल जातील असे. आल्ड्रॉप असेल तर आरपार बोल्ट, नट आतल्या बाजूनं. दार पोकळ फ्लश डोअर असेल तर कुलपाच्या जागी आत लाकूड भरलंय का ते ठोकून बघा. सगळ्याचा खर्च तुमच्या पिकच्या संचापेक्षा फार होणार नाही.

आणखी एक. दार नुसतं ओढून घेतलं की लॅचची तिरकी जीभ लागते आणि लोकांना वाटतं कुलूप लागलं. तसं दार उघडायला बहुतेक वेळा कुलपाला हात लावावाच लागत नाही. कसं ते इथं लिहीत नाही. बाहेर जाताना चावी फिरवून कुलूप दुहेरी करा, म्हणजे ती जीभ मागं ढकलता येत नाही. ही सोय बऱ्याच नाईट लॅचमध्ये असते आणि दहातल्या आठ घरांत कुणी वापरत नाही. डिजिटल कुलपांविषयी विचारलेलं नाही, म्हणून तिकडं जात नाही. आत शेवटी बोल्टच असतो, आणि बऱ्याचदा सिलिंडरही.

संच बाळगायच्या बाबतीत सावध राहा. घरात शिकायला हरकत नाही, पण तो गाडीच्या डिकीत टाकून रात्री रंकाळ्यावर फिरायला जाऊ नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 122 प्रमाणे सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात सबळ कारणाशिवाय घरफोडीचं साधन जवळ सापडलं तर तो गुन्हा आहे. ‘छंद आहे’ हे कारण हवालदाराला किती सबळ वाटेल, ते त्या रात्रीवर. आणि दुसऱ्याच्या घरात गैरमार्गानं शिरायला नुसतं कुलूप उघडलं, काही मोडलं नाही, तरी भारतीय न्याय संहितेच्या कलम 330 मध्ये ती घरफोडीच. मी स्वतः वही ठेवतो. नाव, पत्ता, आधार कार्ड, लाईट बिल, शेजाऱ्याची सही, मगच हत्यार बाहेर काढतो. एकदा नागाळा पार्कात एक गृहस्थ फार घाईत होते, दुप्पट पैसे देतो म्हणाले, ‘बायको गावाला गेलीय’. शेजारच्या बाईंनी मान हलवून मला नुसतं ‘नको’ असं खुणावलं. मी पिशवी उचलून परत आलो.

तेव्हा पुढच्या रविवारपर्यंत: मोज्यातलं प्लॅस्टिकचं कुलूप, मग व्हाईसमधला सुटा सिलिंडर, हाताचा पीळ निम्मा. दाराला हात नाही. चौकटीचे स्क्रू बदला. आणि आजोबांचं कुलूप जवळच्या चांगल्या चावीवाल्याकडे न्या. काजळीवर चावी करतो का, ते आधी विचारा. करत असेल तर शेजारी स्टूल टाकून बसायची परवानगी मागा, बहुतेक जण देतात. नेताना कुलपात तेल घालू नका.